कापडी पंखांचे दिवस

पुष्पक विमानाला स्टार्टर नव्हता. पंख्याला हातानं झटका द्यायचा आणि इंजिन सुरू करायचं. त्यामुळे एकट्या माणसाला उड्डाणाला निघताच येत नसे. एक जण आत, एक जण पंख्यापुढे. चाकांखाली चॉक लावले की बाहेरचा मोठ्यानं म्हणायचा, “स्विच ऑफ, पेट्रोल ऑन, थ्रॉटल बंद.” आतला ते शब्द जसेच्या तसे परत म्हणायचा. मग बाहेरचा पंखा सावकाश दोन-चार वेळा फिरवून सिलिंडरमध्ये पेट्रोल ओढून घ्यायचा, पायाखाली तेल किंवा ओलं गवत नाही ना ते बघायचा आणि म्हणायचा, “कॉन्टॅक्ट.” आतून “कॉन्टॅक्ट” आलं की तळव्यानं पंखा खाली खेचायचा आणि त्याच झोकात मागं सरायचं. प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या मॅग्नेटोतल्या स्प्रिंगचा ‘टक्’ आवाज व्हायचा आणि इंजिन धरायचं. बोटं पंख्याच्या कडेभोवती वळवायची नाहीत, हे पहिल्याच दिवशी शिकवलं जाई. इंजिन उलटं फिरलं तर बोटं जागेवर राहत नाहीत.

पुष्पक आपल्या देशातलं विमान. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या हाताखाली ते तयार झालं. घाटगे कोल्हापूरकडचे, जर्मनीत गटिंगनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्याकडे शिकून आलेले. पुष्पकचं पहिलं उड्डाण २८ सप्टेंबर १९५८ ला झालं आणि पुढे दीडशेच्या आसपास विमानं बनली. त्यांतली बहुतेक देशभरच्या फ्लाइंग क्लबांकडे गेली. दोन माणसं शेजारी-शेजारी बसतील एवढी जागा, ९० अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन, पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वरून कापड. आमच्या क्लबातल्या पुष्पकला रेडिओही नव्हता. टॉवरवरून स्थिर हिरवा दिवा दिसला की उतरायचं, स्थिर लाल दिसला की घिरट्या चालू ठेवायच्या. वैमानिकाची मान त्या काळात सारखी बाहेर वळलेली असे.

आता कापडाबद्दल. आजच्या मुलांना विमानाला कापड लावतात हे सांगितलं की खरं वाटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुनं कापड उतरवलं की आधी सांगाडा तपासायचा. नळ्यांना गंज आहे का, जोडाला चीर गेली आहे का, ते भिंग लावून बघायचं. मग नवं सुती कापड ताणून चढवायचं. ओल्या स्पंजानं पुसलं की ते थोडं आटायचं. त्यानंतर टाके. पंखाच्या आतल्या प्रत्येक रिबला कापड दोऱ्यानं बांधावं लागे. मेण लावलेला दोरा, वीतभराहून लांब सुई. एक माणूस पंखाच्या या बाजूला, दुसरा त्या बाजूला. यानं सुई घुसवायची, त्यानं ती ओढून रिबच्या पलीकडून परत पाठवायची, यानं गाठ मारायची. ठरलेल्या अंतरावर पुढचा टाका. उडताना पंखाच्या वरच्या अंगाला हवा कापड बाहेर ओढत असते. ते धरून ठेवतात ते हे टाके. म्हणून गाठीची तपासणी इंजिनाइतकीच कडक असे. टाक्यांवर दातेरी कडेची पट्टी चिकटवायची आणि मग डोपचे, म्हणजे कापड आवळणाऱ्या पातळ लेपाचे, हात सुरू व्हायचे. डोप वाळता वाळता कापड आवळत जाई, आणि शेवटी टिचकी मारली की पंख ढोलकीसारखा वाजे. वरचे हात अॅल्युमिनियमची पूड घातलेल्या रुपेरी डोपचे. ती चकाकी शोभेसाठी नव्हती. सुती कापडाला ऊन खातं, आणि रुपेरी थर ते ऊन अडवतो.

पावसाळ्यात मात्र डोपचा डबा उघडायला बंदी. डोपमधला द्रव झपाट्यानं उडून जातो आणि पृष्ठभाग गार पडतो. दमट हवेतलं पाणी त्या गार थरावर धरतं आणि डोप पांढरट पडतो. तसा पडलेला थर कमकुवत, खरवडून पुन्हा लावावा लागे. जुलैत टाके घालून ठेवायचे आणि कोरडी उघडीप मिळाली की डोप लावायचा, असा क्रम असे. ढग खाली आले की उड्डाणंही बंद, त्यामुळे शिकाऊ वैमानिक हँगरमध्येच असायचे. सुईच्या पलीकडच्या बाजूला बहुतेक वेळा तेच बसलेले असत. “टाका घट्ट ओढा, पण रिब वाकवू नका,” असं आमचे मिस्त्री त्यांना सांगायचे, आणि वकील-डॉक्टरांच्या घरची ती मुलं निमूट ऐकायची. आपण ज्या पंखावर लोंबकळत आकाशात जाणार तो आतून कसा आहे, हे त्यांनी हातानं पाहिलेलं असे. त्या काळातली सगळ्यांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते.

आता सेसना १५२ आणि १७२ आल्या, त्यांनाही कितीतरी वर्षं झाली. पत्र्याचं विमान, किल्ली फिरवली की इंजिन सुरू. त्याही पुढे डायमंडसारखी काचतंतू आणि कार्बनतंतूंची विमानं आली. पत्र्याच्या विमानात सैल रिव्हेट शोधायचा तर त्याच्यामागे उठलेला काळपट ओघळ बघायचा. तंतूंच्या विमानात थर सुटलाय का हे कळण्यासाठी नाण्यानं हलकेच ठोकत जायचं आणि कुठे आवाज बोदा येतो ते ऐकायचं. यंत्रं बदलली, पण टिचकी मारून ऐकणं गेलं नाही.

इंजिनाचंही तसंच. पूर्वी सकाळी स्विच बंद आहेत याची दोनदा खात्री करून चीफ इंजिनिअर स्वतः पंखा हातानं फिरवायचे. चार सिलिंडर, चार वेळा हाताला विरोध लागला पाहिजे. एखादा मऊ लागला की थांबायचं, पंखा तिथंच दाबून धरायचा आणि कान लावायचा. एक्झॉस्टच्या नळीतून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय, कार्ब्युरेटरकडून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, तेल भरायच्या नळीतून आली तर रिंगा. आज दोन घड्याळांचं उपकरण आहे. स्पार्क प्लगच्या भोकातून ८० पौंड दाबाची हवा सोडायची आणि सिलिंडरनं त्यातली किती धरून ठेवली ते दुसऱ्या घड्याळावर वाचायचं. आकडा मिळतो, लॉगबुकात लिहिता येतो, मागच्या खेपेच्या आकड्याशी ताडता येतो. ही फार मोठी सुधारणा आहे. चीफच्या हाताला काय जाणवलं ते लॉगबुकात उतरत नसे आणि चीफ निवृत्त झाले की त्यांच्याबरोबर जाई. स्पार्क प्लगच्या त्याच भोकातून आता बारीक कॅमेरा आत घालतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडावरचे रंग मध्यापासून सगळीकडे सारखे पसरलेले असले तर व्हॉल्व्ह ठीक. एका कडेला हिरवट, वेगळा डाग दिसला तर तिथं तो जळायला लागलाय. सिलिंडर न उतरवता हे दिसणं आमच्या वेळी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

उड्डाणाआधीची मॅग्नेटोची चाचणी तेव्हाही होती, आजही आहे. सेसना १५२ मध्ये १७०० फेऱ्यांवर इंजिन ठेवून एकेक मॅग्नेटो बंद करायचा. फेऱ्या १२५ पेक्षा जास्त उतरता कामा नयेत आणि दोन मॅग्नेटोंतला फरक ५० च्या आत हवा. उतार जास्त आला तर दोष कुठल्या सिलिंडरच्या प्लगमध्ये आहे हे शोधणं आलं. आमची पद्धत अशी: दोष दाखवणाऱ्या मॅग्नेटोवरच इंजिन थोडा वेळ चालवायचं, बंद करायचं, पंखा थांबला आणि स्विच बंद झाले की लगेच ओलं फडकं घेऊन धावायचं आणि प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या नळीवर पाण्याचे थेंब टाकायचे. तीन नळ्यांवर चर्र व्हायचं, चौथीवर थेंब तसाच ओघळायचा. प्लग त्या सिलिंडरचा काढायचा. खालच्या अंगाच्या प्लगमध्ये शिशाचे बारीक मणी साचलेले असत, ते टोकदार हत्यारानं उकरून काढायचे. आज काचेच्या पडद्यावर चार सिलिंडरांच्या तापमानाचे चार उभे पट्टे असतात. मॅग्नेटो बदलला की एक पट्टा खाली जातो आणि वैमानिकाला खुर्चीतून न हलता कळतं. उड्डाणभराची सगळी तापमानं कार्डावर साठतात. इंजिनिअर ते कार्ड काढून संगणकावर बघतो आणि बिघाड होण्याआधीच त्याची चाहूल लागते. ज्यानं ओल्या फडक्याचे दिवस काढलेत त्याला या पडद्याची किंमत कळते.

शिशाचा विषय निघालाच आहे तर पेट्रोलबद्दल. आमच्याकडे विमानाचं पेट्रोल पिंपातून यायचं. पिंप स्थिरावू द्यायचं, तळाचं पेट्रोल घ्यायचं नाही आणि नरसाळ्यात साबराचं चामडं ताणून त्यातून गाळायचं. त्या चामड्यातून पेट्रोल जातं, पाणी अडतं. आता टँकर येतो, गाळणी त्याच्यातच असते, आणि वैमानिक पारदर्शक पेल्यात नमुना काढून बघतो. नव्या सेसना १७२ ला असा नमुना काढायच्या तेरा जागा आहेत. निळ्या रंगाचं हे शिसंयुक्त पेट्रोल आपण वर्षानुवर्षं परदेशातून आणत होतो; २०२२ मध्ये इंडियन ऑइलनं गुजरातच्या रिफायनरीत ते बनवायला सुरुवात केली. काही नवी विमानं तर डिझेल इंजिनावर, जेटच्या इंधनावर चालतात. त्यांना प्लगही नाहीत आणि मॅग्नेटोही नाहीत.

सगळंच सोपं झालं असं मात्र नाही. कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनात दमट हवेत बर्फ धरतो, म्हणून गरम हवेची खटकी ओढायची आठवण ठेवावी लागे. नव्या १७२ मध्ये इंधन कार्ब्युरेटरशिवाय फवारलं जातं, त्यामुळे तो धोका गेला. पण मे महिन्याच्या दुपारी गोंदियाला किंवा धुळ्याला विमान उतरवून पुन्हा लगेच सुरू करायला जा: तापलेल्या नळ्यांत इंधनाची वाफ झालेली असते आणि इंजिन धरत नाही. मग मिक्स्चर बंद ठेवून, थ्रॉटल किंचित उघडून स्टार्टर द्यायचा आणि इंजिन धरू लागलं की मिक्स्चर हळूहळू पुढे करायचं. हे हाताला सवयीनंच जमतं.

कुंभारमाशी तर अजिबात बदललेली नाही. दोन दिवस विमान उभं राहिलं की पिटो ट्यूबमध्ये नाहीतर टाकीच्या हवा घ्यायच्या नळीत चिखलाचं घर बांधते. पिटो बुजली की वेग दाखवणारं घड्याळ खोटं बोलतं. तिच्यावर तेव्हा कापडी टोपी घालायचो, आजही लाल फीत लावलेली टोपीच घालतात.

विमान किती जुनं आहे यापेक्षा त्याची निगा कशी राखली आहे हे महत्त्वाचं, हे त्या काळानं आम्हाला शिकवलं. त्याचं एक उदाहरण सांगतो. १९२९ साली भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवलेल्या जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला पस मॉथ विमानातून कराचीहून जुहूपर्यंत टपाल आणलं. त्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास पुन्हा एकट्यानं केला, लेपर्ड मॉथमधून. १९३३ साली पहिल्यांदा उडालेला हा विमानप्रकार. जेआरडींचं धाडस सगळ्यांनी वाचलं. ते जुनं इंजिन उघडून, तपासून, बांधून देणाऱ्या हातांबद्दल मला तेवढाच आदर आहे.

जुने दिवस परत यावेत असं मला वाटत नाही. हातानं पंखा फिरवणं धोक्याचं होतं. आयात परवान्याच्या काळात एका मॅग्नेटोसाठी विमान महिनोन्महिने उभं राही. आजची तपासणी, आजच्या नोंदी, आजचे सुटे भाग सगळं जास्त भरवशाचं आहे, आणि विमान उड्डाणयोग्य असल्याची सही परवानाधारक इंजिनिअरनंच करायची हे बरोबरच आहे. हरवलं आहे ते एवढंच, की वैमानिक आणि मेकॅनिक एका पंखाच्या दोन बाजूंना बसत होते, ते आता बसत नाहीत. व्यावसायिक परवान्यापर्यंतचा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात गेलाय. मुलांना २०० तास लवकरात लवकर पुरे करायचे असतात. पाऊस लागला की ती खोलीवर जाऊन प्रश्नसंच सोडवतात. मॅग्नेटो म्हणजे काय हे त्यांना पाठ असतं. उघडलेला मॅग्नेटो पाहिलेली मुलं त्यांत थोडी. आकाशात इंजिन खडखडायला लागलं की पडदा आकडे दाखवतो, पण त्या आकड्यांमागचा लोखंडी तुकडा डोळ्यांसमोर आणायला तो आधी कधीतरी हातात घेतलेला असावा लागतो.

म्हणून बारामती, धुळे, गोंदिया किंवा आणखी कुठे शिकत असलेल्या मुलामुलींना एवढंच सांगणं आहे: तुमच्या विमानाची शंभर तासांची तपासणी लागेल तेव्हा चीफ इंजिनिअरांना विचारून दिवसभर हँगरमध्ये थांबा. कुठलाही चांगला इंजिनिअर नाही म्हणणार नाही. इंजिनावरचं काउलिंग उतरवायला हात लावा, कॉम्प्रेशन तपासताना कान लावा, आणि तेलाचा फिल्टर कापला की त्याच्या घड्या उलगडून त्यात धातूचा कण आहे का ते उजेडात धरून स्वतःच्या डोळ्यांनी बघा.