भाईजानची जॉयस्टिक

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत १९९९ साली भाईजानचा सायबर कॅफे होता. चार संगणक, एक पंखा आणि एक जॉयस्टिक. ती त्यांच्या दोस्तानं जेद्दाहून आणलेली. मायक्रोसॉफ्टची ‘साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रो’, १९९७ चं मॉडेल. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमान धावपट्टीवर धावू लागलं की ती हातात खडखडायची, वेग वाढला की घट्ट व्हायची. पोरं इंटरनेटपेक्षा तिच्यासाठीच रांग लावत. पुढं कॅफे बंद पडला आणि जॉयस्टिक भाभींच्या माळ्यावर गेली.

दोन वर्षांपूर्वी भाईजानना उजव्या बाजूचा लकवा झाला. चालणं सुधारलं, हात मागं राहिला. फिजिओथेरपीच्या बाईंनी समजावलं, “हात शाबूत आहे. मेंदूचा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही. तीच हालचाल शेकडो वेळा करा.” त्यांनी रबरी चेंडू दिला होता. आठव्या दिवशी भाईजाननी तो शेजारच्या पोराला देऊन टाकला. पुतण्याचा फोन आला, “चाचा, अब्बा हाताकडं बघतबी नाहीत.”

मला जॉयस्टिक आठवली ती नुसत्या जुन्या आठवणींमुळं नाही. लकवा झालेल्या हाताच्या व्यायामासाठी बाजारात मिळणारी अशीच जॉयस्टिक वापरण्याचा प्रयोग कॅलिफोर्नियात डेव्हिड राइन्केन्समायर यांनी केला होता. त्यावरचा त्यांचा निबंध २००२ साली छापून आला. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, औषध समजू नका, पण हात हलणार असेल तर हरकत नाही.

मग अहमदपूर, लोह्यामार्गे एसटीत मांडीवर पिशवी घेऊन जॉयस्टिक नांदेडला आणली. बी.एड.ला सोल्डरिंग शिकवत नाहीत. पण माझा एक जुना विद्यार्थी देगलूर नाक्याला मोबाइल दुरुस्त करतो. त्यानं ती उघडून पाहिली. आतल्या दोन्ही मोटारी धडधाकट. एक डावी-उजवी ढकलते, दुसरी मागं-पुढं. “सर, हिला काहीच झालेलं नाही. हिची पिन लावायला जागाच राहिली नाही.”

खरंच तसं होतं. तिची पिन पंधरा टाचण्यांची, जुन्या साउंड कार्डावरच्या गेम पोर्टात बसणारी. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, मायक्रोसॉफ्टनं त्या पोर्टाचा आधारच काढून घेतला. ऑनलाइन बाजारात पंधरा टाचण्यांवरून यूएसबी करणारी स्वस्त वायर मिळते. ती इथं बिनकामाची. ही जॉयस्टिक दोन बोली बोलते. हात कुठं आहे ते ती आकड्यांत सांगते आणि ‘किती ढकल’ हा हुकूम मिडीमधून ऐकते. मिडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवाले वापरतात तीच संगीताची भाषा. स्वस्त वायरीला यातली एकही येत नाही. दोन भाषा शिकवणाऱ्या मास्तराला एवढं लगेच कळलं. इथं दुभाष्या पाहिजे होता.

तो दुभाष्या काही हौशी लोकांनी बनवून ठेवलाय आणि फुकट वाटलाय. त्याचं नाव ‘अडॅप्ट-एफएफबी-जॉय’. ‘एटीमेगा ३२यू४’ चिप असलेला बोटाएवढा आर्डुइनो प्रो मायक्रो बोर्ड घ्यायचा, त्यात हा प्रोग्रॅम भरायचा आणि जॉयस्टिकच्या ठरावीक तारा त्याला जोडायच्या. मग विंडोजला ती साधी यूएसबीची, बल देणारी जॉयस्टिक वाटते. वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

सोल्डरिंगला दोन संध्याकाळी गेल्या. मायक्रोसॉफ्टच्याच जुन्या डायरेक्टएक्स संचात ‘फोर्स एडिटर’ नावाचं छोटं साधन आहे. त्यात स्प्रिंगचा जोर अगदी कमी ठेवून मी बटण दाबलं आणि दांडा माझ्या हाताला हळूच मध्यावर घेऊन आला. विद्यार्थी हसला, मी मात्र गप्प बसलो. आजकालच्या बहुतेक गेमच्या रिमोटला नुसती थरथर येते. ढकलणं आणि अडवणं वेगळं. कंपन्यांनी ते महाग म्हणून सोडलं की पेटंटच्या भांडणांमुळं, यावर वाद घालता येईल. माझ्या मते घरोघरी पोचायची एक चांगली चीज अर्ध्यात टाकून दिली.

लातूरला नेऊन जोडली तर भलतीच अडचण. या जॉयस्टिकच्या मुठीत प्रकाश ओळखणारा डोळा आहे. तळहातानं तो झाकला तरच मोटारी जोर देतात. भाईजानची बोटं सैल. मूठ पुरती वळत नव्हती, म्हणून दांडा निपचित. जणू समोर कुणी बसलेलंच नाही. पुतण्यानं काळी टेप आणली. त्या डोळ्यावर टेप लावली की काम भागतं, बरेच जण तसंच करतात.

भाईजाननी डाव्या हातानं टेप बाजूला सारली. “नक्को. मैं पकड्या तो च चालू होने दे.”

पुतण्या माझ्याकडं बघू लागला. मलाही ते पटलं. हात घसरला तर मोटार थांबायलाच पाहिजे. पण भाईजानच्या मनात काही वेगळं असावं.

पहिल्या दिवशी पाऊण तास गेला. भाभी दारात पदर धरून उभ्या. उजव्या तळव्यावर डावा हात दाबून त्यांनी डोळा झाकला, मग डावा हात हळूच काढला. दांडा एकदा थरारला, बोटं सुटली, पुन्हा निपचित. भाईजान काही बोलले नाहीत, पण त्यांनी परत हात नेला. चेंडूकडं दुसऱ्यांदा हात गेलेला कुणी पाहिला नव्हता.

आता सलग अकरा सेकंद होतात. पुतण्या वहीत रोजचा आकडा लिहितो, बाई तो बघतात. त्याच्या लॅपटॉपवर फ्लाइट सिम्युलेटर एक्स टाकून दिलंय. विमान अजून जमिनीवरच असतं, बहुतेक वेळा गवतात.

मागच्या इतवारी फोन आला तो पुतण्याचा नव्हता. दुआ-सलामही नाही, थेट तक्रार. “मास्तर, रनवे पे खडखड कम आ री. कॅफे में जास्ती आती थी. आ को देख.”

शनिवारी दुपारच्या बसनं जातोय. सोल्डरिंगची पेन सोबत घेतलीय.