सांधा

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी मेल करून विचारलंही, "काय गं, आहेस कुठे?" गावाला गेले होते, काम वाढलंय, अशी उत्तरं दिली. खोटी होती. गेलं वर्षभर मला डिप्रेशन आहे आणि सात महिने गोळ्या चालू आहेत. हुश्श... लिहून टाकलं एकदाचं.

हे वाचणाऱ्यांत माझ्या दोन मावश्या आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते. "मन दुसरीकडे गुंतव" असं तुम्ही मायेनंच सांगता, कळतं मला. पण ते 'दुसरीकडे' जाणंच तर जमत नव्हतं! कुकरच्या शिट्ट्या मोजायला उभी राहायचे आणि चार वर्षांपूर्वी ऑफिसात केलेली एक चूक पुन्हा पहिल्यापासून सुरू. शिट्ट्या किती झाल्या पत्ता नाही. डाळ दोनदा करपली.

असं का होतं म्हणून डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी कागदावर तीन गोल काढून दिले. मग घरी येऊन मी वाचत बसले.

२००१ मध्ये मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या 'डिफॉल्ट मोड'ची कल्पना मांडली. आपण काही करत नसतो तेव्हा मेंदूचे काही भाग उलट जास्त जागे असतात. स्वतःबद्दलचे विचार, जुन्या आठवणी, उद्याची काळजी, हा त्यांचा प्रांत. हा पहिला गोल. दुसरं जाळं समोरच्या कामावर लक्ष ठेवणारं. आणि तिसरं, 'सेलियन्स नेटवर्क', आत्ता महत्त्वाचं काय ते हेरून पहिल्या दोघांत अदलाबदल करायला मदत करतं, असं मानतात.

डिप्रेशनमध्ये या जाळ्यांचा ताळमेळ बदललेला दिसतो. २०१५ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पहिल्या जाळ्यातली जोडणी जास्त घट्ट आणि कामाच्या जाळ्यातली सैल आढळली. २०१९ मध्ये चीनमधल्या तेराशे रुग्णांची माहिती तपासली, तर डिप्रेशन पुन्हा पुन्हा आलेल्यांत पहिल्या जाळ्यातली जोडणी उलट कमी निघाली, आणि तिचा संबंध औषधं घेण्याशी दिसला. २०२४ च्या एका अभ्यासात तिसऱ्या जाळ्याने मेंदूच्या पृष्ठभागावर जवळजवळ दुप्पट जागा व्यापलेली दिसली. मूड सुधारला तरी ती तशीच! म्हणजे चित्र अजून सरळ नाही. एका माणसाचा एमआरआय काढून "हो, डिप्रेशन आहे" असं सांगताही येत नाही.

दिवाळीत बाबांना सांगितलं. बाबा दौंडला रेल्वेत पॉइंट्समन होते. त्यांनी चष्मा लावला, कागद निरखला आणि तिसऱ्या गोलावर बोट ठेवलं.

"म्हणजे सांधा अडकलाय होय?"

मी म्हटलं, "तसंच काहीसं."

"मग ड्रायव्हरला बोलून काय उपयोग? इंजिनाला स्टिअरिंग नसतं."

डॉक्टर म्हणतील, हे फारच सोपं केलंत. असेलही. पण वर्षभरात पहिल्यांदाच घरातल्या कुणीतरी दोष माझ्या पदरात टाकला नव्हता.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझी आई गेल्यावर मी दोन वर्षं..." आणि वाक्य तिथेच सोडलं. ती दोन वर्षं मला आठवतात. संध्याकाळी दिवा न लावता बसायचे. आम्ही भावंडं म्हणायचो, बाबा हल्ली फार तिरसट झालेत. त्यांना कुणी गोल काढून दाखवले नव्हते.

हल्ली रोज रात्री फोन येतो. "हलतोय का सांधा?" कधी मी "थोडा" म्हणते, कधी "नाही". नाही म्हटलं की "बरं" म्हणतात आणि नळाला पाणी किती वाजता आलं ते सांगतात.

असो. मावशी, हे वाचलंस तर फोन कर. उपदेश नको. आज भाजी काय केलीस, तेवढं सांग.