एका पानाची चोरी

मनुष्यास कोणत्या वस्तूचा नाद लागेल याचा नेम नसतो. आमच्या नंदुरबारास तापीकांठच्या सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा जवळ. चालीवरून नि मानेवरून घोडें जोखणारे जाणते आमच्या आळींतही होते. अशा मुलखांत वाढून आम्हांस जुन्या विलायती स्पोर्ट्स मोटारींचें वेड लागावें, याचें आप्तेष्टांस अजून नवल वाटतें. त्यांतही मौज अशी कीं, त्या मोटारी आम्ही कधीं पाहिल्याच नव्हत्या. पाहिलीं होतीं तीं पुस्तकें.

गोष्ट १९६५ च्या सुमाराची. नंदुरबार तेव्हां धुळें जिल्ह्यांत होतें. स्वतंत्र जिल्हा तें १९९८ सालीं झालें. टांगे, बैलगाड्या, एस. टी. आणि एखादी सरकारी जीप, एवढाच रस्त्यांवरील वाहनांचा पसारा. हिवाळ्यांत पथारींवर मिरची वाळूं लागली म्हणजे त्या रंगापुढें जगांतील दुसरा कोणताही रंग फिका. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनीं 'मोटार' या शब्दास आमच्या मनांत प्रथम वेग दिला. रूप दिलें तें वाचनालयांतील एका इंग्रजी सचित्र पुस्तकानें. इंग्रजी आम्हांस येत नसे. थोरले बंधू अर्थ सांगत. एका पानावर जॅग्वारची एक्सके १२० होती. १९४८ सालच्या लंडनच्या प्रदर्शनांत ती प्रथम मांडली गेली, आणि नांवांतील आंकडा हा तिचा ताशीं मैलांचा वेग, हें कळतांच आम्ही हिशेब केला: सुरत एका तासाच्या आंत! पॅसेंजरनें जातांना आमची सबंध दुपार सरत असे. सहा सिलिंडरें एका ओळींत मांडलीं कीं मोटारीचें नाक लांब होणारच, हें शास्त्र पुढें कळलें. तेव्हां मात्र आम्हांस त्यांत सारंगखेड्याच्या उमद्या घोड्याची ताणलेली मानच दिसली.

पुस्तक परत करण्याचा दिवस आला आणि आमची मति फिरली. दाढीच्या पात्यानें तें पान कापून आम्ही सदऱ्याखालीं दडविलें व पुस्तक साळसूदपणें मेजावर ठेविलें. आमच्यामागून तें आमच्याच वर्गांतील एका मुलानें नेलें. त्याचे वडील पथारीवर हमाली करीत. अनामतीचे पैसे त्यानें कसे जमविले होते, तें आम्हांस ठाऊक होतें. आठवड्यानें चोरी उघडकीस आली. त्याची अनामत जप्त झाली, यादींतून नांव गेलें. तो रडला नाहीं. "मीं नाहीं कापलं," एवढेंच दोनदां म्हणाला. आम्ही चार हातांवर उभे होतों. बोललों नाहीं. या लेखांत 'आम्ही' या बहुवचनाचा आडोसा घेतला आहे खरा. पातें धरणारा हात एकच होता.

पुढें नोकरीनिमित्त मुंबईस आलों. आयातीच्या निर्बंधांमुळें असल्या मोटारी आपल्याकडे विरळाच. तथापि जुन्या मोटारींच्या एका मिरवणुकींत ती अखेर प्रत्यक्ष भेटली. कल्पनेपेक्षां बुटकी निघाली. मालकानें बॉनेट उघडून इंजिनावरचीं दोन चकचकीत झांकणें दाखविलीं, भोंवतालच्या पोरांनीं गलका केला, आणि आमचा आनंद तेथेंच थबकला. शेजारीं जो उभा असावयास हवा होता, तो नव्हता.

गतवर्षीं तें पान घेऊन आम्ही त्याचें घर शोधीत गेलों. एस. टी.च्या आगारांत मेकॅनिक म्हणून नोकरी करून तो निवृत्त झाला होता. सारें सांगितलें. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग चष्मा लावून त्यानें पान हातांत घेतलें, आणि जॅग्वारकडे न पाहतां उलटें केलें. मागें एम. जी. टीसी ही तारांच्या चाकांची चिमुकली मोटार होती. साठ वर्षांत ती बाजू आम्हीं पाहून न पाहिल्यासारखी केली होती.

"शाळेंत तूं पान उलटायचास तेव्हां ही क्षणभर दिसायची," तो म्हणाला. "हिच्यासाठीं पुस्तक नेलं होतं मीं. किती सिलिंडर रे हिला?"

आम्हीं खालचा मजकूर वाचून सांगितलें, "चार. साडेबाराशें सी. सी."