उन्हानं काढलेले फोटो

मैत्रिणींनो, 'प्रायोगिक छायाचित्रांचं प्रदर्शन' अशी पाटी दिसली, की आपल्यापैकी पुष्कळजणी "त्यातलं आपल्याला काय कळणार बाई!" म्हणून पुढे निघून जातात. फोटो म्हटला की आपल्याला ओळखीचा चेहरा हवा, लग्नातला नाही तर बारशातला! पण गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनींना सोबत घेऊन मी असं एक प्रदर्शन पाहून आले, आणि तेव्हापासून ते कुणाला तरी सांगावंसं वाटतंय.

एका भिंतीवर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला टाचणीएवढं भोक पाडून काढलेले फोटो होते. दुसऱ्या भिंतीवरच्या चित्रांना तर कॅमेराच लागला नव्हता. गर्द निळ्या कागदावर पांढरंशुभ्र पिंपळपान, शेवग्याची डहाळी, लेसचा तुकडा! त्याची कृती तिथंच लिहिलेली होती. दोन लोहयुक्त रसायनांचं मिश्रण कागदाला लावून अंधारात वाळवायचं, वर पान ठेवून काचेनं दाबायचं आणि उन्हात ठेवायचं. मग कागद पाण्यात धुवायचा. ऊन लागलेला भाग निळा होतो, पानाखालचं मिश्रण धुऊन जातं. वहिनी म्हणाल्या, "अगं, ही तर आपली वाळवणंच झाली की!"

ही रीत जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं १८४२ साली शोधली. घराच्या नकाशाला 'ब्लू प्रिंट' म्हणतात, तेही हिच्यावरूनच. पण मला खरं कौतुक वाटलं ते ॲना ॲटकिन्स या बाईंचं. समुद्रशेवाळाचे असे निळे ठसे स्वतः काढून १८४३ पासून त्यांनी एका ग्रंथाचे भाग सिद्ध केले. छायाचित्रं असलेला हा जगातला पहिला ग्रंथ मानतात. आणि बाईंनी त्यावर नाव काय घातलं? नुसतं 'ए. ए.'! पुढे एका संग्राहकानं त्याचा अर्थ लावला, 'अनॉनिमस अमॅच्युअर', म्हणजे कुणी निनावी हौशी व्यक्ती!

हे वाचून मला आमच्या घरातल्या चार गोधड्या आठवल्या. माझ्या सासूबाईंनी शिवलेल्या. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचा तो बारीक, सरळ टाका पाहुणे अजून वाखाणतात; पण माझ्या मुलींनंतर तो कुणाचा, हे कोण सांगणार? रांगोळी पुसली जाते, बरणीतलं लोणचं संपतं, हे मान्य. पण जे टिकतं, तेही बिननावाचंच का राहावं?

मी लाल दोरा घेतला आणि चारही गोधड्यांच्या कोपऱ्यावर सासूबाईंचं पूर्ण नाव घातलं. आता शाळेतल्या मुलींनाही सांगते, चित्र कसंही येवो, खाली नाव लिहायचं.

तेव्हा मैत्रिणींनो, असं प्रदर्शन तुमच्या गावी आलं, तर बिचकू नका, जरूर जा. आणि तुम्ही विणलेल्या स्वेटरच्या आतल्या बाजूला, भरलेल्या टेबलक्लॉथच्या कडेला आपलं नाव घाला. नुसती आद्याक्षरं नकोत हं, पूर्ण नाव!