मधला थर

भौतिकशास्त्र विभागातील एका सहकाऱ्यांनी मध्यंतरी सेंद्रिय सौरघटांवरचा आपला मराठी लेख भाषेच्या दृष्टीने तपासण्यासाठी माझ्याकडे दिला. एकावर एक रचलेल्या दोन घटांना जोडणाऱ्या थरासाठी मी उत्साहाने 'सेतुथर' हा शब्द सुचवला. त्यांनी तो नम्रपणे खोडला. म्हणाले, "सेतूवरून कुणीतरी पलीकडे जाते. इथे कुणीच जात नाही."

मग त्यांनी समजावले. एका घटातून इलेक्ट्रॉन येतो, दुसऱ्यातून धनभाराची 'पोकळी'. दोघे या थरात भेटतात आणि एकमेकांत विझतात. त्या विझण्यामुळेच दोन्ही घटांच्या विद्युतदाबांची बेरीज हाती येते. थर स्वतः वीज निर्माण करीत नाही. १९९० साली जपानमध्ये हिरामोतो व सहकाऱ्यांनी असा जोडघट केला, तेव्हा मध्ये सोन्याचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा होता. थर पारदर्शकच हवा, नाहीतर मागच्या घटापर्यंत प्रकाश पोचणार नाही. २००७ साली अमेरिकेत अ‍ॅलन हीगर यांच्या गटाने टायटॅनियम ऑक्साइड वापरून सहा टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता मिळवली. तिथे सर्व थर द्रावणातून चढवले होते. अशा घटात मधल्या थराला आणखी एक काम असते : वरचे द्रावण ओतताना खालचा थर विरघळू न देणे.

या वाक्यापाशी मी थांबलो. पुष्कळ वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात एक विद्यार्थिनी आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची वही घेऊन आली होती. मी तिच्यावर संरचनावाद, स्त्रीवादी समीक्षा, जे जे मला ठाऊक होते ते सारे ओतले. प्रकल्प उत्तम झाला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी एखादी ओवी म्हणायला सांगितली, तेव्हा तिला चालच आठवेना. बाहेर आल्यावर म्हणाली, "आता मला त्या फक्त वाचता येतात, सर."

शिक्षक म्हणजे दोन पिढ्यांमधला सेतू, असे आपण निरोपसमारंभांतून सर्रास म्हणतो. मीही म्हटले आहे. त्या गौरवात खालचा थर जपण्याची जबाबदारी कुठेच येत नाही, आणि स्वतः काही निर्माण न करता मध्ये उभे राहण्याचा संकोचही नाही.

लेखात अखेर 'जोडथर' हा साधा शब्द गेला. यंदा वर्गात नवे पुस्तक उघडण्याआधी मी मुलांना विचारतो, घरून काय घेऊन आलात? ते पुरते ऐकून होईपर्यंत पुस्तक मिटलेलेच ठेवतो.