खुणेचा दगड

सिन्नर तालुक्यातील आमच्या गावी आमचे आणि चुलत्यांचे घर शेजारी शेजारी आहे. दोहोंच्या मधल्या अरुंद बोळात मातीच्याच रंगाचा एक वीतभर दगड रोवलेला आहे. वाटणीच्या दिवशी आजोबांनी व त्यांच्या धाकट्या भावाने तो मिळून रोवला, असे वडील सांगत.

२०२० च्या एप्रिलमध्ये केंद्र शासनाने 'स्वामित्व' योजना जाहीर केली. तिच्यात गावठाणाची मोजणी ड्रोनने होते आणि घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते. आमच्या गावाची पाळी जवळ आली तेव्हा, आधी आपणच एकदा वरून पाहून घ्यावे, असे मला वाटले. नाशिकरोडला लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणारा पुतण्या आपला छोटा ड्रोन घेऊन आला. यायला त्याला दिवेलागण झाली.

छायाचित्र पाहिले आणि चुलतभावाचा चेहरा उतरला. आमच्या पाखाची कड त्याच्या अंगणात शिरलेली दिसत होती. बोळात नुसती गुळगुळीत माती! "दादा, दगड कुठे गेला?" एवढेच तो म्हणाला. पुढले तीन आठवडे आमच्यात बोलणे नव्हते. दगड दहा पावलांवर होता. उठून पाहायला कोणी गेले नाही.

वाचकहो, तीस वर्षे मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवले. खोक्याला सुईने भोक पाडून मुलांना उलटी प्रतिमा दाखवली. तरीही त्या चित्रावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला, याची लाज वाटते. मग पुतण्याला घेऊन बसलो.

त्याच्या कॅमेऱ्यातील संवेदक, म्हणजे पूर्वीच्या फिल्मच्या जागी असणारी चकती, जेमतेम सहा मिलिमीटर रुंद. तिच्यावर एक कोटी वीस लाख प्रकाशबिंदू दाटीवाटीने बसवलेले. साठ मीटर उंचीवरून एकेक बिंदू जमिनीचा सुमारे दोन सेंटिमीटरचा चौकोन टिपतो. हिशेबाने दगड दिसायलाच हवा होता. परंतु इवल्याशा बिंदूला संध्याकाळी प्रकाश मिळतो थोडा, आणि चित्रात खोटे ठिपके उमटतात. ते पुसण्याचे काम संगणकीय आज्ञावलीचे. खोटा ठिपका कोणता आणि मातीच्या रंगाचा खरा दगड कोणता, हे तिला कसे कळावे? तिने दोन्ही सारवून टाकले. रंगांचेही तसेच. १९७६ साली कोडॅकच्या ब्राइस बेयर यांना ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तीत प्रत्येक बिंदू लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो; उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. शेजाऱ्यावर इतका भरवसा आम्ही दोघांनीही ठेवला नव्हता.

पाखाची गोष्ट निराळी. रुंद दृष्टीचे भिंग कडेच्या सरळ रेषा वाकवते; ते आज्ञावली बरेचसे सुधारते. परंतु उंच वस्तू चित्राच्या मध्यापासून बाहेर कललेली दिसते, तो दोष भिंगाचा नाही, एकाच जागेवरून पाहण्याचा आहे. साठ मीटरवरून पाहताना मध्यापासून तीस मीटर दूर असलेली, चार मीटर उंचीची पाखाची कड जमिनीवर दोन मीटरहून अधिक बाहेर पडलेली भासते. हा आकडा मी कागदावर काढला आणि तसाच चुलतभावाकडे गेलो. मोजणीच्या कामात एकमेकांवर चढणारी पुष्कळ छायाचित्रे घेतात आणि त्यांच्यावरून उंची काढून हे कलणे दूर करतात, हेही सांगितले. तो बराच वेळ कागद पाहत राहिला. "मग एकाच फोटोवर भांडलो आपण," तो म्हणाला.

अनुवादाच्या पुस्तकात शेजाऱ्याच्या हद्दीची खूण सरकवण्यास मनाई आहे. खूण कॅमेऱ्याने पुसली तर काय करावे, हे तिथे अर्थातच नाही.

मोजणीपूर्वी घरांच्या हद्दी चुन्याने आखाव्या लागतात, कारण वरून छप्पर दिसते, हद्द दिसत नाही. त्या सकाळी आम्ही दोघे बोळात उतरलो. दोरी मी धरली, चुन्याची पाटी त्याच्याकडे होती. रेघ दगडापर्यंत आली तेव्हा त्याने दगडावर दोन ओंजळी जास्तच टाकल्या.