ताम्हिणीच्या राईत

देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. सह्याद्रीच्या कुशीतल्या अनेक गावांत असे रान असते. कुठे ते दोन-चार गुंठ्यांचे, तर कुठे कित्येक एकरांचे. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी या रानात कुऱ्हाड चालत नाही. मोडून पडलेली फांदीही जागेवरच कुजते, असा जुना दंडक. पुणे जिल्ह्यात मावळ, मुळशी, भोर या भागांत अशा राया अजून आहेत. यंदा मार्चमधल्या दुसऱ्या शनिवारी आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाने मुळशी तालुक्यातल्या ताम्हिणीची राई पाहायचे ठरवले.

ठरवले म्हणजे सहज ठरले नाही. आमच्या सहली आजवर कार्ले, भाजे, बेडसे, जुन्नरची लेणी, देहूरोडचे बुद्धविहार अशाच झाल्या. राईचे नाव काढताच मंडळाच्या ज्येष्ठ सभासद, ज्यांना आम्ही सगळ्या आक्का म्हणतो, त्यांनी बैठकीत रोखठोक विचारले, "बावीस प्रतिज्ञा घेऊन जन्म गेला, आता म्हातारपणी विंझाईच्या दारात नेऊन उभी करता का?" ताम्हिणीची राई विंझाई देवीची आहे, हे खरेच. मी म्हटले, "आक्का, दारात नका उभ्या राहू, झाडाखाली उभ्या राहा." त्या पुढे काही बोलल्या नाहीत. पण वर्गणी दिली, तेव्हा आम्ही होकार समजलो.

भाड्याच्या मिनीबसमध्ये आम्ही एकवीस जणी आणि नऊ मुले. चांदणी चौक, पिरंगुट, पौड करत मुळशीच्या जलाशयापाशी पोचलो आणि पाणी बघून मुले ओरडलीच. तिथे थोडे थांबलो, कारण हे पाणी नुसते बघून पुढे जाण्यासारखे नाही. टाटा कंपनीच्या या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्याचे पुढारी. शेकडो बाया-पुरुष तुरुंगात गेले, पण १९२४ पर्यंत लढा मोडला आणि धरण झाले. पन्नासच्या आसपास गावांची जमीन गेली. पुष्कळ जमिनी आधीच सावकारांच्या घशात गेलेल्या होत्या. नुकसानभरपाईची रक्कम त्या सावकारांनी उचलली आणि कसणारा मावळा रिकाम्या हाताने उठला. धरणाचे पाणी डोंगरापलीकडे कोकणात भिऱ्याला उतरते आणि तिथे वीज होते. प्रत्येक गावाला महारवाडाही असणारच. त्यांचे काय झाले, असे एका मुलीने विचारले. सेनापतींची गोष्ट पुस्तकात सापडते, त्या वाड्यांची सापडायला जड जाते, एवढेच मी तिला सांगितले.

ताम्हिणीला पोचलो तेव्हा उन्हाने डांबर पाघळत होते. राईत शिरलो आणि दहा पावलांत अंगावरचा घाम गार झाला. हा फरक सांगून कळत नाही. वर पाहावे तर आभाळाचे तुकडे तेवढे दिसतात. पायाखाली वर्षानुवर्षांच्या पाचोळ्याची गादी, पाय ठेवला की दबते. हातात घेऊन चुरडली तर आतली माती काळी, ओलसर, पावसाळ्यानंतर पाच महिने उलटूनही ओलसर. आंबा, जांभूळ, हिरडा ही ओळखीची झाडे, पण अशी उंच की आपल्या ओळखीची वाटत नाहीत. अंजनीला बहर होता. तिची निळी-जांभळी बारीक फुले थेट फांदीच्या सालीवर चिकटवल्यासारखी येतात. निळ्या रंगाने माखलेली ती फांदी पाहून आमच्या बायकांना काय आठवले ते वाचकांना सांगायला नको! एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गारंबीचा वेल गेलेला, मांडीएवढा जाड. त्याची शेंग हातभरापेक्षा लांब असते. मुलांनी तिची तलवार करायचे ठरवले, तेवढ्यात देवळाची झाडलोट करणारे गुरव आले.

माणूस भला होता. त्याने शेंग परत ठेवायला लावली आणि सांगितले, इथले पान तोडले तरी आई कोपते. आमच्यातल्या सातवीतल्या पोराने लगेच विचारले, "काका, आणि देवी नसती तर?" गुरव हसले. म्हणाले, "तर बाळा, हे कवाच तोडलं असतं."

दिवसभरात ऐकलेले सर्वांत खरे वाक्य हेच. पुण्याचे शास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून १९७६ मध्ये तो प्रसिद्ध केला. या भागात पानशेतसारखी धरणे झाली, त्यांच्याबरोबर रस्ते आले आणि रस्त्यांवरून कोळशाचे व्यापारी आले. गरीब मावळ्याने चार पैशांसाठी डोंगरावरची झाडे विकली आणि त्यांचा कोळसा होऊन शहरात गेला. राया मागे राहिल्या, त्या देवाच्या धाकाने. ज्याला आपण अंधश्रद्धा म्हणतो तिने हे रान वाचवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मी पंचवीस वर्षे बँकेच्या खातेवह्या लिहिल्या आहेत. जमेची बाजू नावडत्या माणसाची असली तरी जमेलाच लिहावी लागते.

पण खर्चाची बाजूही आहे, आणि ती आक्कांनी सांगितली. त्या झाडाखाली बसल्या होत्या. त्यांचे माहेर मावळातले. म्हणाल्या, "आमच्या गावात मढ्याची लाकडं आमच्या माणसांनी वाहायची. मामलेदार आला की जळण आमच्या माणसांनी फोडायचं. गावाची शीव कुठं, हे भांडण लागलं की साक्षीला म्हार बोलवायचे. आन राईतली काटकी आईनं उचलली, चुलीसाठी, तर पाटलानं चार लोकांत उभी केली तिला." राईचा नियम सर्वांना सारखा असे म्हणतात. पण ज्याच्या घरी स्वतःच्या बांधावरची झाडे आहेत आणि ज्याच्या घरी एकही नाही, त्या दोघांना तो सारखा कसा पडेल? शिवाय काही रायांत बाईमाणसाला आत जायलाच बंदी असे, कुठे पाळीच्या दिवसांत, तर कुठे कायमची. भीतीने राखलेले रान असेच असते. झाड वाचते, आणि भीती ज्याच्या वाट्याला जास्त तो बाहेर राहतो.

आता तर धाकही आटला आहे. देवी तीच, पण भक्तांकडे पैसा आला. कित्येक गावांत जुने कौलारू देऊळ पाडून सिमेंटचा सभामंडप होतो, त्यासाठी झाडे जातात, वाहनतळासाठी आणखी जातात, आणि देवीला ते चालते असे ठरते. याच तालुक्यात डोंगर फोडून लवासा उभे राहिले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली ती २०१० मध्ये, तोवर बरेच होऊन गेले होते. ताम्हिणीचे सुमारे पन्नास चौरस किलोमीटर रान २०१३ मध्ये अभयारण्य झाले हे चांगले झाले. पण रस्त्याकडेला बाटल्यांचा खच पाहिला म्हणजे पावसाळ्यात येणाऱ्या पर्यटकांना देवी आणि सरकार दोन्ही ठाऊक नसावीत असे वाटते.

मग देवाशिवाय रान राखता येते का? येते. इंग्लंडात लंडनच्या कडेला एपिंगचे जंगल आहे. तिथे बीच नावाची जाड, राखाडी सालीची झाडे आहेत. त्यांच्या वरच्या फांद्या थंडीत जळणासाठी तोडायचा गरिबांचा जुना हक्क होता. जमीनदार कुंपणे घालू लागले तेव्हा लाउटन गावच्या विलिंगेल नावाच्या मजुराने तो हक्क सोडला नाही आणि त्याच्या घरची माणसे १८६६ मध्ये तुरुंगात गेली. खटले चालले, लंडन शहराची महापालिका मध्ये पडली आणि १८७८ मध्ये कायदा होऊन ते जंगल सर्व जनतेसाठी कायमचे राखले गेले. फांद्या तोडायचा हक्क मात्र त्याच कायद्याने संपला. बदल्यात गावाला एक सभागृह मिळाले. जळणाच्या जागी सभागृह हा सौदा मला पटत नाही. पण मजुराच्या कुऱ्हाडीने जंगल वाचले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे तर हे नवे नाही. तथागतांचा जन्म झाडाखाली, संबोधी झाडाखाली, महापरिनिर्वाण दोन शालवृक्षांमध्ये. पण त्यांनी झाडाला नवस करायला सांगितले नाही. विनयात भिक्खूने झाडझाडोरा तोडू नये असा नियम आहे. सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात विनाकारण रान जाळू नये अशी आज्ञा कोरली. आणि संविधानात १९७६ मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली गेली. त्यात ५१ क मध्ये वने, तळी, नद्या यांचे रक्षण आणि प्राणिमात्रांवर दया हे एक कलम, आणि त्याच्या लगेच खाली विज्ञाननिष्ठ दृष्टी आणि मानवतावाद हे दुसरे. दोन्ही एकाखाली एक आहेत. मुलांना बसमध्ये ही दोन कलमे एकदम पाठ करायला लावली, आणि पिरंगुटपर्यंत त्यांची झालीही.

आक्का देवळाकडे गेल्या नाहीत, तशा बसमध्येही लवकर चढल्या नाहीत. निघताना त्यांनी गुरवांना विचारले, "कुणी काटकी उचलली तर आता काय करता?" ते म्हणाले, "आता कोण उचलतंय? गॅस आलाय की." आक्का म्हणाल्या, "आमच्या आईच्या वेळी नव्हता."

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी सांगते. पुण्याहून दोन-अडीच तास धरावेत. जून ते सप्टेंबर टाळावे, या घाटात पाऊस फार आणि दरडी कोसळतात. डिसेंबर ते मार्च उत्तम. पाणी आणि जेवण घरून न्यावे, रिकाम्या पिशव्या परत आणाव्यात. बायकांची सोय वाटेत पौडलाच उरकून घ्यावी, पुढे भरवसा नाही. आम्हाला माणशी साडेचारशे रुपये खर्च आला, मुलांना निम्मा.